विश्लेषण : खेळाच्या पटावरचा राक्षस घरच्या घरी कसा घडतो?

फासे टाकत गोष्ट पुढे नेणाऱ्या टेबलटॉप खेळांत नायक आणि राक्षस बोटभर उंचीच्या पुतळ्यांच्या, म्हणजे मिनिएचरच्या रूपात आमनेसामने येतात. हे पुतळे बाजारात तयार मिळतात, थ्रीडी प्रिंटरवरही निघतात. तरीही तार आणि पुट्टी घेऊन स्वतःचा राक्षस घडवणारे खेळाडू आहेत. त्यामागे केवळ काटकसर नाही.

ही परंपरा कुठून आली?

‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ हा खेळ 1974 मध्ये अमेरिकेच्या विस्कॉन्सिन राज्यातील लेक जिनीव्हा गावातून प्रसिद्ध झाला. त्याच्या दोन कर्त्यांपैकी एक असलेल्या गॅरी गायगॅक्स यांनी हाँगकाँगमध्ये बनलेले स्वस्त, चित्रविचित्र प्लास्टिक प्राणी खेळात राक्षस म्हणून वापरले. त्यांतूनच लोखंड गंजवून खाणारा ‘रस्ट मॉन्स्टर’ आणि घुबडाच्या तोंडाचा, अस्वलाच्या धडाचा ‘आउलबेअर’ जन्मले. दोघेही 1975 च्या ‘ग्रेहॉक’ पुरवणीत आले. जमीन पोखरत येणारा ‘बुले’ टिम कास्क यांनी अशाच खेळण्यावरून रचला. तो 1976 मध्ये ‘द ड्रॅगन’ मासिकाच्या पहिल्या अंकात छापला गेला. म्हणजे आधी खेळणे हाती आले, नियम नंतर लिहिले गेले.

आकार कसा ठरतो?

या खेळात पटावरचा एक इंचाचा चौकोन पाच फूट जागा दाखवतो. माणसाचा पुतळा साधारण 28 मिलिमीटरचा असतो आणि तो एका चौकोनात मावतो. मोठा राक्षस दोन बाय दोन चौकोन व्यापतो, त्याहून अजस्र तीन बाय तीन. त्यामुळे राक्षसाची बैठक आधी कापून घ्यावी आणि शरीर तिच्या मापाने वाढवावे.

प्रत्यक्ष घडवतात कसा?

प्रथम तारेचा सांगाडा वळतात. पाठकणा, हातपाय आणि शेपूट त्यातच ठरते. पोटाचा फुगवटा चुरगाळलेल्या ॲल्युमिनियम फॉइलने भरला की पुट्टी कमी लागते. मग दोन भागांची एपॉक्सी पुट्टी मळून थर चढवतात. परदेशात ‘ग्रीन स्टफ’ लोकप्रिय आहे: निळी आणि पिवळी पट्टी मळली की हिरवा गोळा होतो. पिवळी जास्त घेतली तर तो मऊ राहतो, निळी जास्त घेतली तर कडक होतो. आपल्याकडे गळका नळ बुजवायला आणलेले एम-सीलही चालते. मात्र ते लवकर घट्ट होते, म्हणून थोडे थोडेच मळावे. हत्यार ओले ठेवले तर पुट्टी चिकटत नाही. एक थर वाळल्यावरच दुसरा चढवावा, नाहीतर आधी काढलेले खवले बोटाखाली चेपतात. खवले, सुरकुत्या, दात ही कामे शेवटी टाचणीने किंवा टूथपिकने करावीत.

काळजी कोणती?

न वाळलेल्या एपॉक्सीची त्वचेला ॲलर्जी होऊ शकते, हातमोजे घालावेत. वाळलेला पुतळा घासताना नाकातोंडावर मास्क हवा. हत्यारे स्वयंपाकघरात परत नेऊ नयेत.

हा राक्षस नक्की कुणाचा?

प्रश्न विक्रीपाशी गुंतागुंतीचा होतो. ‘वॉरहॅमर’ खेळाची ब्रिटिश कंपनी गेम्स वर्कशॉपने, आपल्या मॉडेलना जोडभाग बनवून विकणाऱ्या चॅप्टरहाउस स्टुडिओज या छोट्या कंपनीवर 2010 मध्ये शिकागोच्या न्यायालयात दावा लावला. 2013 मध्ये ज्युरीने काही दावे मान्य केले, काही फेटाळले. त्याच काळात आणखी एक गोष्ट घडली. ‘टायरानिड’ सैन्याच्या 2010 च्या नियमपुस्तकात ‘मायसेटिक स्पोर’ होता, पण त्याचे अधिकृत मॉडेल नव्हते. त्यामुळे खेळाडूंनी तो घरी घडवला. 2014 च्या पुस्तकातून तो वगळला गेला. पुतळा हातात राहिला, नियम गेले.

मग घडवायचा कशाला?

मित्रमंडळींच्या टेबलवर नियम तेच ठरवतात. स्वतः घडवलेल्या राक्षसाची ताकद, खोड आणि दुबळी जागा तिथे एकमताने लिहिता येते. कंपनीच्या नव्या आवृत्तीने ती पुसली जात नाही. स्पर्धेत उतरायचे असेल, तर मात्र हाताने घडवलेले मॉडेल चालते का, हे आयोजकांना आधी विचारावे.