स्पर्धक बँका, सामाईक रूळ

बँकांच्या मधली संस्था: भारतीय राष्ट्रीय देयके महामंडळ (एनपीसीआय). स्थापना २००८. पुढाकार रिझर्व्ह बँक आणि इंडियन बँक्स असोसिएशनचा. मुख्यालय मुंबई. ना-नफा कंपनी. सुरुवातीच्या प्रवर्तक बँका १०: सरकारी, खासगी आणि परदेशीही.

तिच्या देयक सेवांचे टप्पे: आयएमपीएस २०१०, रुपे कार्ड २०१२, यूपीआय एप्रिल २०१६ (प्रारंभी २१ बँका).

गरज का? २१ बँकांनी एकमेकींशी थेट जोडण्या करायच्या, तर २१० जोडण्या लागतात. मधोमध एक स्विच असेल, तर २१ पुरतात.

काम कसे चालते?
• एनपीसीआयचा स्विच संदेश पोहोचवतो: एका बँकेला रक्कम वजा करायला, दुसरीला जमा करायला सांगतो.
• ग्राहकाचा पैसा एनपीसीआयकडे साठत नाही. तो बँकेतच असतो. नेमका हाच मुद्दा अनेकदा नजरेतून सुटतो.
• बँकांचा आपसातला हिशेब ठरावीक वेळांनी, निव्वळ रकमेत होतो. समजा, ‘अ’ बँक ‘ब’ला १०० कोटी देणे लागते आणि ‘ब’ बँक ‘अ’ला ९० कोटी. मग प्रत्यक्षात १० कोटीच हलतात, तेही रिझर्व्ह बँकेतील खात्यांतून.

सामाईक काय? संदेशाचा साचा, सुरक्षेचे नियम, तक्रार निवारणाची पद्धत.

स्पर्धा कशात? ठेवी, व्याजदर, कर्जे, ॲप, ग्राहकसेवा.

जुना दाखला: चेक वटवणारे क्लिअरिंग हाउस. लंडनच्या बँकांचे कारकून अठराव्या शतकातच एका जागी जमून चेकची अदलाबदल करत.