हॅशचा कोड: हात लावावा की लावू नये?

हॅश फंक्शन कितीही मोठ्या फाइलचा ठरावीक लांबीचा ठसा काढते. डाउनलोड केलेली फाइल मूळचीच आहे ना, हे त्या ठशावरून कळते. क्रिप्टोग्राफी लायब्ररीतल्या या कोडचे रिफॅक्टरिंग, म्हणजे काम तेच ठेवून मांडणी सुधारणे, अनेकांना धास्तीचे वाटते. त्यामागचे काही समज तपासून पाहू.

गैरसमज: रिफॅक्टरिंग म्हणजे अल्गोरिदममध्ये ढवळाढवळ.
वस्तुस्थिती: एसएचए-२५६ हे हॅश फंक्शन कसे चालते, हे अमेरिकेच्या एनआयएसटी या मानकसंस्थेने मानकात ठरवून दिले आहे. ठशात एका बिटचा फरक पडला तरी उत्तर चूक. बदलते ती भोवतीची व्यवस्था: तुकड्यातुकड्यांनी येणारा डेटा बफरमध्ये साठवणे, ब्लॉक भरला की पुढे देणे, शेवटी पॅडिंग, म्हणजे ब्लॉक पूर्ण करणारी भर, जोडणे. एसएचए-१ आणि एसएचए-२५६ या दोघांचाही ब्लॉक ६४ बाइटचा असतो. मग बफर सांभाळणारा कोड दोनदा कशाला लिहायचा?

गैरसमज: गणित भक्कम, म्हणजे कोडही भक्कम.
वस्तुस्थिती: २०१२ साली एसएचए-३ या मानकासाठी निवडलेल्या केचॅक अल्गोरिदमचे गणित शाबूत आहे. पण खुद्द त्याच्या रचनाकारांच्या कोडमध्ये संशोधक निकी मौहा यांना २०२२ साली बफर ओव्हरफ्लो, म्हणजे बफरच्या हद्दीबाहेर डेटा लिहिला जाण्याचा दोष, सापडला. बफरमध्ये आधीचा १ बाइट असताना ४,२९,४९,६७,२९५ बाइट आले, की ३२ बिटांतली बेरीज शून्यावर येई. डेटा ब्लॉकमध्ये मावतो, असे समजून कोड तो सगळा बफरमध्ये ओतू लागे. हाच कोड पायथन आणि पीएचपी या भाषांमध्येही होता.

गैरसमज: नमुना चाचण्या उत्तीर्ण झाल्या, की काम झाले.
वस्तुस्थिती: वरचा दोष सुमारे ४ जीबी डेटा दिल्याशिवाय दिसत नाही. छोट्या संदेशांतही अडचणीच्या जागा असतात. एसएचए-२५६ च्या पॅडिंगला किमान ९ बाइट लागतात. म्हणून ५५ बाइटचा संदेश एका ब्लॉकमध्ये बसतो, ५६ चा बसत नाही. चाचणीत ५५, ५६, ६३, ६४, ६५ या लांबी हव्यातच. शिवाय तोच संदेश एकदम दिला किंवा तोडून दिला, तरी ठसा एकच यायला हवा.

गैरसमज: वर्षानुवर्षे चालतोय, तर हात लावू नये.
वस्तुस्थिती: केचॅकच्या कोडमधला तो दोष जानेवारी २०११ पासून तिथेच होता. पायथनने ३.११ या आवृत्तीसाठी तो मोठा कोड काढून टायनी-एसएचए-३ हा आटोपशीर कोड आधीच घेतला होता. त्यामुळे ती आवृत्ती बचावली. ३.१२ मध्ये त्याची जागा एचएसीएल-स्टार या प्रकल्पाच्या, गणिती पद्धतीने पडताळलेल्या कोडने घेतली.

तेव्हा हात जरूर लावावा, पण क्रम पाळून. आधी काठावरच्या लांबींच्या चाचण्या लिहाव्यात, एका वेळी एकच बदल करावा आणि जुना व नवा कोड एकाच डेटावर चालवून ठसे जुळवावेत. लांबीची बेरीज-वजाबाकी जिथे होते, त्या ओळी सर्वांत आधी वाचाव्यात.