दुकानाची घरपट्टी कशी ठरते?

जालन्यात सदर बाजारातलं दुकान असो, मोंढ्यातली आडत असो की राहत्या घराच्या पुढच्या खोलीत काढलेलं किराणा दुकान असो, वर्षातून एकदा मालमत्ता कराचं बिल येतं आणि बहुतेक जण फक्त शेवटची बेरीज पाहतात. बेरजेच्या वर जे छापलेलं असतं, त्यातल्या दोन रकान्यांवर सगळं अवलंबून आहे: क्षेत्रफळ आणि वापर.

जालना नगरपालिकेची महानगरपालिका 2023 मध्ये झाली. त्यामुळे शहराला आता नगरपरिषदांचा 1965चा कायदा नव्हे, तर महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियम, 1949 लागू आहे. अंबड, परतूर, भोकरदन इथे जुनाच कायदा चालतो. हिशेबाचा गाभा मात्र दोन्हीकडे सारखाच. ही जागा भाड्याने दिली तर वर्षाला वाजवी भाडं किती येईल, हे आधी ठरवतात. जागेत मालक स्वतः बसत असला तरी हेच. त्यातून दुरुस्तीखर्चापोटी 10 टक्के वजा केले की उरतं ते करयोग्य मूल्य, आणि कर त्याच्यावर टक्केवारीने बसतो.

समजा, गाळा 20 चौरस मीटरचा आहे आणि त्या भागासाठी दर महिना चौरस मीटरला 50 रुपये धरला. महिन्याचे हजार, वर्षाचे 12,000, दहा टक्के वजा जाता 10,800. हा दर मी उदाहरणापुरता घेतला आहे. खरा दर भाग, बांधकाम आणि वापर पाहून पालिका ठरवते. मोजणीत 20 ऐवजी 26 चौरस मीटर लागले, तर ती चूक पुढच्या प्रत्येक बिलात येत राहते. म्हणून बिल हातात आलं की आधी टेप लावून जागा मोजावी.

पुढे सामान्य कर, पाणी, स्वच्छता, वृक्ष, अग्निशमन अशा ओळी येतात. शेवटी दोन ओळी राज्य सरकारच्या असतात, पालिका त्या फक्त वसूल करून देते. पहिली शिक्षण कराची. घरासाठी तो टप्प्याटप्प्याने 6 टक्क्यांपर्यंत जातो, बिगरनिवासी जागेसाठी 12 टक्क्यांपर्यंत. दुसरी ओळ रोजगार हमी उपकराची, आणि ती घराच्या बिलात नसतेच. 1972च्या दुष्काळानंतर उभ्या राहिलेल्या रोजगार हमीसाठी हा उपकर फक्त बिगरनिवासी इमारतींवर बसवला गेला. दुकानदार या ओळीवर हमखास कुरकुरतो. मला ती सगळ्या बिलातली सर्वात न्याय्य ओळ वाटते. जालन्याचा बाजार आसपासच्या खेड्यांच्या खरेदीवर चालतो, आणि 2012-13 सारख्या दुष्काळी वर्षी मोसंबीच्या बागा वाळल्या तेव्हा त्या खेड्यांनी काय सोसलं, ते या बाजाराने जवळून पाहिलं आहे.

गावात रीत वेगळी. जालना-अंबड रस्त्यावर गोलापांगरीसारख्या गावात कुणी टायरचं दुकान काढलं, तर तिथे ग्रामपंचायत भाडं पाहत नाही, भांडवली मूल्य पाहते. जमीन आणि बांधकामाची किंमत रेडीरेकनरवरून काढायची, इमारतीच्या वयाप्रमाणे घसारा लावायचा, मग वापराचा भारांक. निवासाला 1, उद्योगाला 1.20, व्यापाराला 1.25. घर म्हणून 10 लाखांची इमारत दुकान झाली की हिशेबाला साडेबारा लाखांची होते. हजाराला दीड रुपया दर असेल तर 1,500 रुपयांचे 1,875 होतात. कारखान्यांना मात्र ग्रामपंचायतीशी ठरवून, वरिष्ठांच्या मंजुरीने, करांऐवजी एक ठोक रक्कम देण्याचीही तरतूद आहे.

आता सर्वात महत्त्वाचं. नवी आकारणी झाली किंवा मूल्य वाढलं की नोटीस येते आणि तिच्यात हरकतीची मुदत लिहिलेली असते. ती नोटीस गल्ल्याखाली पडून राहते आणि मग वर्षानुवर्षं तक्रार चालते, हे पाहून फार वाईट वाटतं. महापालिकेत वेळेत लेखी हरकत घेतली नसेल, तर पुढे न्यायालयात अपील टिकत नाही. शिवाय अपिलासाठी मागणीची रक्कम आधी भरावी लागते. हरकतीचा अर्ज मात्र साध्या कागदावर चालतो. सोबत मोजमाप आणि भाडेकरार जोडावा, पोच घ्यावी.

बिल वर्षातून एकदा येत असलं तरी शहरात कर सहामाहीचा असतो, एप्रिल आणि ऑक्टोबरपासून. मागणी झाल्यावरही थकला तर महिन्याला 2 टक्के शास्ती, म्हणजे वर्षाला 24. जागा भाड्याची असेल तर कर मुळात मालकाचा. त्याने थकवला तर पालिका भाडेकरूकडून घेऊ शकते आणि भाडेकरू तो भाड्यातून वळता करू शकतो. करार करतानाच हे लिहून घेतलेलं बरं. अनधिकृत बांधकामावर वेगळी शास्ती बसू शकते, आणि ती भरल्याने बांधकाम अधिकृत होत नाही.

दुकान बंद करून पुन्हा तिथे राहायला लागलात, तर नोंद आपोआप बदलत नाही. शहरात कर विभागाकडे वापरबदलाचा अर्ज करावा, गावात ग्रामपंचायतीकडे. मग आकारणी नोंदवहीचा (गावात नमुना 8चा) नवा उतारा काढून वापराच्या रकान्यात ‘निवासी’ लिहिलं गेलं आहे का, ते पाहावं.