मूत्रपिंड प्रत्यारोपण : ऊतींची जुळणी आणि नकाराचा धोका

आमच्या डायलिसिस विभागात नांदेड व लातूर जिल्ह्यांतून येणाऱ्या रुग्णांचे कुटुंबीय एक प्रश्न वारंवार विचारतात : "रक्तगट जुळतो, मग आणखी तपासण्या कशासाठी?" प्रत्यारोपणाची शस्त्रक्रिया आमच्याकडे होत नाही, त्यासाठी रुग्णास हैदराबाद, पुणे वा छत्रपती संभाजीनगर येथे जावे लागते. तथापि पूर्वतयारी येथूनच सुरू होत असल्याने ही माहिती देणे आम्हास अगत्याचे वाटते.

रक्तगट ही केवळ पहिली पायरी होय. पेशींच्या पृष्ठभागावर 'एचएलए' नावाची प्रथिने असतात. आपले कोण आणि परके कोण, हे रोगप्रतिकारशक्ती त्यांवरून ओळखते. या प्रथिनांचा एक संच मातेकडून व एक पित्याकडून मिळतो. म्हणून आई-वडिलांशी निम्मी जुळणी ठरलेलीच असते. सख्ख्या भावंडांत मात्र संपूर्ण जुळणीची शक्यता चारांत एक, निम्मीची चारांत दोन आणि मुळीच न जुळण्याचीही चारांत एक. 1954 साली बोस्टन येथे डॉ. जोसेफ मरे यांनी केलेले पहिले यशस्वी मूत्रपिंड प्रत्यारोपण एकसारख्या जुळ्या भावांमध्ये होते, ते याच कारणाने. पुढे सायक्लोस्पोरिन व टॅक्रोलिमस ही औषधे आली आणि रक्ताचे नाते नसलेल्या पत्नीचे मूत्रपिंडही पतीस वर्षानुवर्षे साथ देऊ लागले. (आमच्याकडे दात्री म्हणून पुढे येते ती बहुधा आई किंवा पत्नीच; भाऊ "विचार करून कळवतो" म्हणतात.)

जुळणी कमी असली तरी मार्ग निघतो. 'क्रॉसमॅच' प्रतिकूल आल्यास मात्र तो फार बिकट होतो. या तपासणीत रुग्णाचा रक्तद्रव दात्याच्या पांढऱ्या पेशींशी मिसळतात. पेशी नष्ट झाल्या, तर दात्याविरुद्धची प्रतिपिंडे रुग्णाच्या रक्तात आधीपासूनच आहेत असे समजावे. पटेल व तेरासाकी यांनी 1969 साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात अशा 30 प्रत्यारोपणांपैकी 24 तत्काळ निकामी झाली. तपासणी अनुकूल असलेल्या 195 पैकी केवळ 8.

ही प्रतिपिंडे गर्भधारणेमुळे, पूर्वीच्या प्रत्यारोपणामुळे आणि रक्त चढविल्यामुळे निर्माण होतात. अपत्ये झालेल्या स्त्रीस पतीचे मूत्रपिंड देताना म्हणूनच विशेष दक्षता घेतात. डायलिसिसवरील रुग्णाचे हिमोग्लोबिन घटते आणि नातेवाईक "एक बाटली चढवा" असा आग्रह धरतात. अत्यावश्यक असता रक्त द्यावेच लागते. परंतु टाळता येण्याजोगी प्रत्येक बाटली उद्याचा दाता हिरावून घेऊ शकते. त्याऐवजी एरिथ्रोपोएटिनची इंजेक्शने व लोह देणे श्रेयस्कर, मात्र त्यांचा खर्च सतत चालणारा असतो. देणगीदारांस नव्या यंत्रावर आपले नाव कोरलेले पाहणे आवडते, हे आम्ही जाणतो. या इंजेक्शनांवर नाव कोरता येत नाही, तरी आमच्या मते हा विनियोग अधिक मोलाचा आहे.

प्रत्यारोपणानंतरही धोका संपत नाही. पहिल्या काही महिन्यांत तीव्र नकार उद्भवू शकतो. लघवी कमी होणे, सूज वा ताप ही लक्षणे दिसतातच असे नाही. पुष्कळदा केवळ क्रिएटिनिन वाढते. वेळीच कळल्यास उपचाराने तो बहुधा आटोक्यात येतो. बरे वाटते म्हणून गोळ्या सोडणे, किंवा कोणी सुचविलेले चूर्ण परस्पर सुरू करणे घातक ठरते. क्रिएटिनिनची तपासणी आमच्या प्रयोगशाळेत होते. तेवढ्यासाठी दर वेळी हैदराबाद गाठण्याचे कारण नाही. टॅक्रोलिमसच्या पातळीसाठी रक्त द्यावयाचे असल्यास सकाळची गोळी घेण्यापूर्वी यावे व गोळी सोबत आणावी.