टॅब्लेट संगणक : गरज, सोय की केवळ हौस?

एके काळी मध्यमवर्गीय कुटुंबात शिलाई यंत्र किंवा शीतकपाट घेण्यापूर्वी काही महिने विचारविनिमय होत असे. वस्तूची गरज, तिचा टिकाऊपणा आणि त्यासाठी बाजूला काढावी लागणारी रक्कम या तिन्ही गोष्टी तोलून पाहिल्या जात. आज भ्रमणध्वनीच्या पडद्यावर बोट टेकवताच वीस-पंचवीस हजारांची वस्तू दोन-चार दिवसांत दारात येते, आणि पैसे हप्त्यांनी फेडायचे असल्याने खिशाला बसणारी झळ लगेच जाणवतही नाही. खरेदी सोपी झाली; निर्णय मात्र पूर्वीइतकाच अवघड राहिला आहे.

टॅब्लेट संगणक ही याच प्रकारची वस्तू होय. मुलांच्या अभ्यासासाठी, वडीलधाऱ्यांच्या वाचनासाठी, दुकानातील हिशेबासाठी किंवा नुसत्या करमणुकीसाठी तो घ्यावा, असे अनेकांच्या मनात येते. परंतु शाळेची फी, विम्याचा हप्ता आणि टॅब्लेटचा हप्ता हे तिन्ही एकाच पगारातून जाणार असतील, तर भावनेइतकेच आकडेमोडीलाही महत्त्व द्यावे लागते.

टॅब्लेटची वाटचाल

टॅब्लेटची कल्पना वाटते त्यापेक्षा जुनी आहे. अमेरिकन संगणकशास्त्रज्ञ अ‍ॅलन के यांनी १९७२ मध्ये ‘डायनाबुक’ नावाच्या, वहीसारख्या हातात धरता येणाऱ्या संगणकाची संकल्पना मांडली होती. मुलांनी त्यावर वाचावे, लिहावे आणि शिकावे, हा तिचा हेतू होता. नोव्हेंबर २००२ मध्ये मायक्रोसॉफ्टने लेखणीने चालणाऱ्या टॅब्लेट संगणकांसाठी विंडोजची खास आवृत्ती बाजारात आणली. पण ती उपकरणे जड आणि महाग होती, त्यामुळे सामान्य ग्राहकांपर्यंत ती फारशी पोहोचली नाहीत. २७ जानेवारी २०१० रोजी अ‍ॅपलने आयपॅड सादर केला आणि चित्र पालटले. मोठ्या संगणकाला छोटे करण्याऐवजी भ्रमणध्वनीची प्रणालीच मोठ्या पडद्यावर आणण्याची वाट या कंपनीने धरली. बोटाने चालणारा पडदा आणि दिवसभर पुरणारी बॅटरी, ही त्या यशाची प्रमुख कारणे होत.

भारतात ५ ऑक्टोबर २०११ रोजी केंद्र सरकारने विद्यार्थ्यांसाठी ‘आकाश’ हा स्वस्त टॅब्लेट सादर केला. उद्देश स्तुत्य होता. तथापि त्याच्या पहिल्या आवृत्तीचा पडदा बोटाच्या हलक्या स्पर्शाला नव्हे, तर दाबाला प्रतिसाद देणारा होता. स्मृती अवघी २५६ मेगाबाइट होती आणि संथपणाबद्दल तक्रारी झाल्या. कमी किंमत आणि योग्य मोल या दोन भिन्न गोष्टी आहेत, हा धडा ग्राहकाने त्यावरून घ्यावा. पुढे २०२० मध्ये महामारीमुळे शाळा बंद झाल्या, वर्ग घरातल्या पडद्यावर भरू लागले आणि टॅब्लेटला अनेक घरांत प्रथमच ‘गरजेची वस्तू’ असे स्थान मिळाले.

सामर्थ्य आणि मर्यादा

टॅब्लेटचे खरे बळ वाचन, पाहणे आणि हाताने लिहिणे यांत आहे. बालभारतीची आणि एनसीईआरटीची पाठ्यपुस्तके पीडीएफ स्वरूपात विनामूल्य उपलब्ध आहेत. भ्रमणध्वनीवर असे पान वाचताना ते सारखे मोठे करून सरकवावे लागते. दहा-अकरा इंची पडद्यावर ते सलग वाचता येते. इंदूर, बडोदे किंवा हैदराबाद येथे राहणाऱ्या ज्येष्ठ मराठी वाचकाला आपल्या गावचे वृत्तपत्र छापील स्वरूपात वेळेवर मिळणे कठीण असते. ई-आवृत्तीतील अक्षर हवे तेवढे मोठे करून वाचण्याची सोय त्याच्या दृष्टीने चैन ठरत नाही.

मर्यादाही तितक्याच स्पष्ट आहेत. दीर्घ टंकलेखनासाठी वेगळा कळफलक घ्यावा लागतो आणि तो घेतला की किंमत साध्या लॅपटॉपच्या जवळ जाते. टॅलीसारखी लेखा प्रणाली विंडोज संगणकासाठी बनलेली आहे. एक्सेलमध्ये मॅक्रो वापरून तयार केलेली पत्रके टॅब्लेटवरील आवृत्तीत चालत नाहीत. डिजिटल सहीचे यूएसबी टोकन वापरून विवरणपत्रे भरणाऱ्या व्यापाऱ्याला किंवा कर सल्लागारालाही संगणकाशिवाय पर्याय नसतो. ‘लॅपटॉपऐवजी टॅब्लेट’ असा विचार करणाऱ्याने आपल्या रोजच्या कामांची यादी लिहून काढावी आणि त्यातील प्रत्येक काम टॅब्लेटवर होते किंवा नाही, हे आधी पडताळावे.

बँक व्यवहार आणि टॅब्लेट

मोठ्या पडद्यावर बँकेचे व्यवहार करता येतील, या अपेक्षेने काही ग्राहक टॅब्लेट घेतात. त्यांनी एक तांत्रिक बाब ध्यानात घेणे अगत्याचे आहे. यूपीआय आणि बहुसंख्य मोबाइल बँकिंग सेवांमध्ये नोंदणीच्या वेळी खात्याशी जोडलेल्या क्रमांकाचे सिम त्याच उपकरणात असावे लागते. त्या सिमवरून संदेश पाठवून उपकरणाची ओळख पटवली जाते. केवळ वाय-फायवर चालणाऱ्या टॅब्लेटमध्ये ही पायरी पूर्ण होत नाही. सिम बसणाऱ्या काही टॅब्लेटमध्येही इंटरनेट चालते, पण लघुसंदेशाची सोय नसते. अशा टॅब्लेटवर संकेतस्थळाद्वारे नेट बँकिंग करता येते. पडताळणीचा संकेतांक मात्र भ्रमणध्वनीवरच येतो.

दुसरी बाब सुरक्षिततेची. भ्रमणध्वनी प्रायः एका व्यक्तीचा असतो. टॅब्लेट घरात सर्वांच्या हातात फिरतो. मुलाने खेळासाठी उतरवलेले एखादे संशयास्पद अ‍ॅप आणि वडिलांचे नेट बँकिंग एकाच उपकरणावर असणे धोक्याचे आहे. सामाईक टॅब्लेटवर बँकेचा संकेतशब्द जतन करू नये, शक्य तेथे प्रत्येकासाठी स्वतंत्र वापरकर्ता खाते ठेवावे आणि पडद्याला कुलूप लावावे. फसवणूक झालीच, तर बँकेला तत्काळ कळवून १९३० या राष्ट्रीय सायबर मदत क्रमांकावर तक्रार नोंदवावी.

दरमहा किती पडतो?

दुकानातील किंमत आणि वापराचा खर्च यांत फरक असतो. समजा, टॅब्लेट २४,००० रुपयांचा आहे. कळफलकासह आवरण ३,००० रुपये आणि पडद्यावरील संरक्षक काच ५०० रुपये धरल्यास एकूण खर्च २७,५०० रुपये होतो. चार वर्षांनी त्याचे ३,५०० रुपये आले, तर निव्वळ खर्च २४,००० रुपये, म्हणजे ४८ महिन्यांसाठी दरमहा ५०० रुपये पडतो.

आता वापर पाहू. दररोज दोन तास, म्हणजे महिन्याला ६० तास वापर झाला, तर ताशी खर्च आठ रुपयांच्या आसपास येतो. नव्याची नवलाई ओसरल्यावर तोच टॅब्लेट महिन्यातून तीन तास वापरला गेला, तर ताशी खर्च १६६ रुपयांवर जातो. वस्तू तीच, किंमत तीच. तिचे मोल मात्र वापराने ठरते.

‘विनाखर्च’ हप्त्याचे अंतरंग

सप्टेंबर २०१३ मध्ये भारतीय रिझर्व्ह बँकेने शून्य टक्के व्याजाच्या योजनांबाबत बँकांना परिपत्रक पाठवले होते. शून्य टक्के व्याज असे काही नसतेच आणि त्याचा भार अन्य रूपाने ग्राहकावर येतो, हा त्याचा आशय होता. आजच्या विनाखर्च हप्ता योजनेत व्याज आकारले जातेच. विक्रेता किंवा उत्पादक तेवढी रक्कम सवलत म्हणून किमतीतून वजा करतो.

उदाहरणार्थ, २४,००० रुपयांचा टॅब्लेट सहा मासिक हप्त्यांत, प्रत्येकी ४,००० रुपये भरून घेतला. वार्षिक व्याजदर १५ टक्के असल्यास कर्जाची मूळ रक्कम २२,९८४ रुपये ठरते आणि उरलेले १,०१६ रुपये व्याज असते. या क्रेडिट कार्डावरील व्याजावर १८ टक्के जीएसटी लागतो, म्हणजे सुमारे १८३ रुपये. प्रक्रिया शुल्क १९९ रुपये असेल, तर करासह ते २३५ रुपये होते. म्हणजे ‘विनाखर्च’ टॅब्लेटचे एकूण २४,४१८ रुपये पडतात. रोखीने घेणाऱ्यास हीच १,०१६ रुपयांची सवलत मिळत असेल, तर दोन्हींतील अंतर १,४३४ रुपयांचे होते. ही रक्कम फार मोठी नसली, तरी ती माहीत असणे ग्राहकाच्या हिताचे आहे. याउलट हप्ता थकला, तर विलंब शुल्क आणि कार्डाचे चढे व्याज लागून ऋण इतिहासालाही बाधा पोहोचते.

घाई नसेल, तर आवर्ती ठेव हा जुना मार्ग आजही उपयोगी आहे. दरमहा २,००० रुपये बारा महिने भरल्यास आणि व्याजदर सहा टक्के गृहीत धरल्यास, वर्षअखेर मुद्दल २४,००० रुपये आणि व्याज सुमारे ७९० रुपये मिळते. शिवाय वर्षभरानंतरही टॅब्लेटची तितकीच निकड वाटते का, हेही आपोआप कळते. वाटली नाही, तर रक्कम गाठीशी राहतेच.

खरेदीपूर्वी पाहावयाच्या बाबी

पडदा : प्रवासात एका हाताने वाचण्यासाठी आठ इंच सोयीचा, अभ्यासासाठी आणि कागदपत्रांसाठी दहा ते अकरा इंच.

स्मृती आणि साठवण : केवळ वाचन व चलचित्रांसाठी चार गिगाबाइट स्मृती पुरते, चार वर्षे वापरायचा असेल, तर सहा किंवा आठ गिगाबाइट घेणे हितावह. साठवणीपैकी काही भाग प्रणालीच व्यापते, त्यामुळे ६४ गिगाबाइटमधील सर्व जागा ग्राहकाला मिळत नाही.

जोडणी : घरी वाय-फाय असेल आणि बाहेर भ्रमणध्वनीचे हॉटस्पॉट चालत असेल, तर सिमच्या आवृत्तीसाठी अधिक रक्कम मोजण्याचे कारण बहुधा उरत नाही.

सुरक्षा अद्ययावतीकरण : कंपनी किती वर्षे सुधारणा देणार, हे विचारावे. यंत्र धडधाकट असूनही सुधारणा थांबल्या की ते आर्थिक व्यवहारांसाठी असुरक्षित ठरते.

दुरुस्ती : लिथियम-आयन बॅटरीची क्षमता काहीशे वेळा भारित झाल्यावर उतरू लागते. बॅटरी आणि पडदा बदलण्याचा खर्च किती आणि जवळचे सेवाकेंद्र कोठे, याची चौकशी लहान गावातील ग्राहकाने आधीच करावी.

प्रमाणन आणि पावती : भारतीय मानक ब्यूरोची नोंदणी टॅब्लेटसाठी बंधनकारक आहे, तिचे चिन्ह पाहावे. पावती घ्यावीच. व्यवसायासाठी खरेदी करणाऱ्या नोंदणीकृत व्यापाऱ्याने त्यावर आपला जीएसटी क्रमांक नोंदवून घ्यावा. तक्रारीसाठी राष्ट्रीय ग्राहक मदत क्रमांक १९१५ उपलब्ध आहे.

जुने उपकरण बदलीत देताना सर्व खात्यांतून बाहेर पडावे आणि त्यातील माहिती पूर्णतः पुसावी, हेही विसरू नये.

कोणी घ्यावा, कोणी थांबावे?

इयत्ता आठवी-नववीपासून पुढचा, पीडीएफ पुस्तके आणि ध्वनिचित्र पाठ नियमित वापरणारा विद्यार्थी. लहान अक्षर वाचताना त्रास होणारा ज्येष्ठ नागरिक. गिऱ्हाइकाला नमुने दाखवणारा साडी किंवा फर्निचरचा दुकानदार. चित्रकला वा आरेखन शिकणारा होतकरू कलावंत यांच्या बाबतीत टॅब्लेटची किंमत वसूल होण्याची शक्यता अधिक आहे. अभियांत्रिकी, संगणकशास्त्र किंवा लेखाशास्त्राच्या विद्यार्थ्याने मात्र तीच रक्कम लॅपटॉपसाठी राखून ठेवावी. दोन्हींपैकी एकच परवडत असेल, तर लॅपटॉपला अग्रक्रम द्यावा. मोठ्या पडद्याचा भ्रमणध्वनी आणि चालू स्थितीतील लॅपटॉप घरी असणाऱ्या कुटुंबात तिसऱ्या पडद्याची गरज क्वचितच असते.

लहान मुलांना गुंतवून ठेवण्यासाठी टॅब्लेट घेणे हे कारण सर्वांत दुबळे होय. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये दिलेल्या मार्गदर्शनानुसार, दोन ते चार वर्षे वयाच्या मुलांनी बसून पडदा पाहण्याचा वेळ दिवसाला एक तासापेक्षा अधिक नसावा. एक वर्षाखालील बालकांना तो मुळीच देऊ नये.

निर्णय होत नसेल, तर एक साधा उपाय करता येईल. पंधरा दिवस एक छोटी वही जवळ बाळगावी. भ्रमणध्वनीचा पडदा लहान पडला आणि त्याच वेळी संगणक उघडणे गैरसोयीचे वाटले, असा प्रत्येक प्रसंग त्यात तारखेसह टिपावा. प्रसंग वाचनाचा होता, कामाचा की करमणुकीचा, तेही लिहावे. पंधरवड्यात अशा पंचवीस-तीस नोंदी झाल्या आणि त्यांतील बहुसंख्य वाचनाच्या वा कामाच्या असल्या, तर खरेदीला आधार आहे असे समजावे. नोंदी चार-पाचच निघाल्या, तर पुढील सणाच्या सवलतीची जाहिरात कितीही आकर्षक असली, तरी ती रक्कम खात्यातच राहू द्यावी.