बलवानापुढे पहिली खेळी

आमच्या फैजपूरचा एखादा विद्यार्थी बुद्धिबळाच्या स्पर्धेसाठी जळगावला किंवा पुण्याला निघाला आणि आपल्याहून वरचढ खेळाडूशी गाठ आहे असे त्याला कळले, की त्याची झोप उडते. मग रात्र जागून तो एखादा नवा सापळा पाठ करतो. प्रतिपक्षी आठव्या खेळीला फसलाच पाहिजे, असा त्याचा हिशेब! परंतु प्रतिपक्षी फसत नाही. तो सापळा त्याने कधीच पाहून ठेवलेला असतो. पाठांतर संपते आणि आमचा गडी परक्या गावात वाट चुकल्यासारखा पटाकडे पाहत बसतो.

दुसरे काहीजण बरोबरीच्या आशेने भराभर मोहरी मारून पट मोकळा करतात. पण मोकळ्या पटावर बलवानाचे अधिकच फावते. एका प्याद्याच्या बळावर डाव काढण्याची कला त्यालाच जास्त अवगत असते.

मग खेळावे तरी काय? याचे उत्तर शोधायला कलकत्त्यास जावे लागेल. तेथे जॉन कॉक्रेन हा बॅरिस्टर होता. इंग्लंडातल्या नामांकित खेळाडूंपैकी एक. १८४८ साली त्याची गाठ बंगालच्या ग्रामीण भागातून आलेल्या महेशचंद्र बॅनर्जी यांच्याशी पडली आणि पुढे दोघांत शेकडो डाव झाले. दोघांनी राजापुढची प्यादी दोन-दोन घरे पुढे टाकली, की ते कॉक्रेनचे रान! त्याच वर्षी पेत्रोव्ह बचावाविरुद्ध त्याने दोन प्याद्यांसाठी घोडा देऊन टाकला. तो प्रकार आजही कॉक्रेनच्याच नावाने ओळखला जातो.

महेशचंद्र देशी पद्धतीत वाढलेले. तीत प्यादे पहिल्या खेळीलाही एकच घर चाले. म्हणून प्यादी हळू सरकवावी, उंट लांब कर्णावर बसवावा आणि शत्रूला मध्यभागी येऊ द्यावे, ही मांडणी त्यांच्या हाडीमासी खिळलेली. तीच त्यांनी कॉक्रेनपुढे मांडली. १८५५ च्या एका डावात काळ्या मोहऱ्यांनी त्यांनी पांढऱ्याला मध्यपट घेऊ दिला, मग बाजूने त्याच्यावर मारा केला आणि डाव जिंकला. हाच बचाव १९२२ साली ग्रुनफेल्ड या ऑस्ट्रियन खेळाडूने खेळला आणि त्याच्या नावाने जगभर गेला. एकंदरीत जास्त डाव कॉक्रेननेच जिंकले, हेही सांगितले पाहिजे. पण ‘भारतीय बचाव’ हे नाव बुद्धिबळाच्या ग्रंथांत राहिले, ते महेशचंद्रांच्या या घरच्या चालीमुळे.

आता आपल्या महाराष्ट्रातले उदाहरण घ्या. जुलै २०२५ मध्ये जॉर्जियातील बातुमी येथे महिला विश्वचषकाच्या अंतिम फेरीत नागपूरची १९ वर्षांची दिव्या देशमुख कोनेरू हम्पीसमोर बसली. दिव्याचा जन्म २००५ चा. हम्पी ग्रँडमास्टर झाली २००२ मध्येच! पहिले दोन्ही डाव बरोबरीत सुटले. जलद डावांपैकी पहिल्यात हम्पीने तोच जुना पेत्रोव्ह बचाव उभा केला, पुन्हा बरोबरी. दुसऱ्यात पांढरी मोहरी हम्पीकडे होती आणि तिने कॅटलान प्रारंभ निवडला. दिव्या जिंकली, पण प्रारंभातल्या कुठल्या जादूने नव्हे. डाव लांबला, घड्याळ धावत राहिले आणि अखेरच्या टप्प्यात हम्पीच्या हातून चूक झाली. तोवर टिकून राहता येईल अशी स्थिती मिळवणे, एवढेच प्रारंभाचे काम होते.

तापीकाठच्या शेतकऱ्याला हे निराळे सांगायला नको. शेजारच्या शिवारात पीक जोमदार दिसले म्हणून तो रातोरात बियाणे बदलत नाही. आधी आपली जमीन पाहतो. स्पर्धेला निघालेल्या मुलानेही तेच करावे. पाठ केलेल्या खेळ्या संपल्यावर कोणते मोहरे कुठे न्यायचे, कोणते प्यादे केव्हा पुढे ढकलायचे, हे ज्या मांडणीत आपल्याला ठाऊक आहे तीच निवडावी. कदाचित हार येईल. पण डाव का गेला हे तरी उमजेल. आणि तेवढे उमजले, की प्रवासभाडे वसूल झाले म्हणायचे!