फोटो आधी, निकाल नंतर?

एखाद्याला अटक झाली की दुसऱ्या दिवशी त्याचा फोटो मोहल्ल्यातल्या प्रत्येक मोबाइलवर असतो. खटला मात्र वर्षानुवर्षे चालतो. तो निर्दोष सुटला, तर ती बातमी किती जण पुढे पाठवतात?

इंग्लंडमध्ये पोलीस कोठडीत आरोपीचा फोटो काढतात. पण अटकेच्या वेळी सहसा त्याचे नावही जाहीर करत नाहीत. फरारी माणसाला शोधायचे असेल तर गोष्ट वेगळी. एरवी न्यायालयाने दोषी ठरवल्यावरच फोटो देण्याचा विचार होतो, आणि तोही प्रत्येक प्रकरण वेगळे तपासून. २००३ साली एसेक्स पोलिसांची शिक्षा झालेल्यांचे फोटो पोस्टरवर लावण्याची योजना न्यायालयात गेली. गुन्हा बापाने केला, पण पोस्टर त्याच्या मुलांनाही दिसणार, हा प्रश्न तेव्हा पुढे आला.

आपल्याकडे असा विचार कागदावर आहे. अटक केलेल्यांना माध्यमांसमोर उभे करू नये, अशी सूचना केंद्रीय गृह मंत्रालयाने १ एप्रिल २०१० रोजी राज्यांना दिली. पोलिसांनी माध्यमांना माहिती कशी द्यावी, याची नियमावली तयार करण्यास सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबर २०२३ मध्ये गृह मंत्रालयाला सांगितले.

हे नियम का हवेत, ते मालेगावला विचारावे. २००६ च्या स्फोटांनंतर पकडलेल्या मुस्लिम तरुणांना विशेष न्यायालयाने २०१६ मध्ये आरोपमुक्त केले. मधली दहा वर्षे त्यांच्या आईवडिलांनी, बायकामुलांनी कशी काढली असतील?

२०२२ च्या कायद्यानुसार पोलीस फोटो व बोटांचे ठसे ७५ वर्षे ठेवू शकतात. पूर्वी शिक्षा न झालेला माणूस निर्दोष सुटला आणि अपिलाचे सर्व मार्ग संपले, की न्यायालयाने वेगळा आदेश दिला नसल्यास ही नोंद नष्ट करावी लागते. घरच्यांनी वकिलामार्फत याचा पाठपुरावा जरूर करावा. पण लोकांच्या मोबाइलमधला फोटो कोण नष्ट करणार?

तो आपल्याच हातात आहे. खबर आली तर आधी शहानिशा करा, ही ताकीद सूरह हुजुरातमध्ये आपल्याला दिलेली आहे. तेव्हा निकालाआधी कुणाचा फोटो आपण पुढे पाठवायचा नाही, मग तो माणूस कोणत्याही धर्माचा असो. अठरा वर्षांखालील मुलाचा तर मुळीच नाही. त्याची ओळख उघड करणे हा कायद्याने गुन्हा आहे. दोषीला शिक्षा न्यायालय देईल. त्याच्या घरच्यांना ती देण्याचा अधिकार आपल्याला कुणीच दिलेला नाही.